राखीव पट्टीतला पाय

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत मी सहा वर्षं कबड्डीचा पंच म्हणून काम केलं. नजरचुकीनं माझे किती निर्णय चुकले ते मला सांगता येणार नाही. जाणूनबुजून चुकीचा निर्णय मी एकच दिला. तो कोणाविरुद्ध दिला आणि त्यासाठी बारा वर्षं का थांबलो, ते इथं लिहितो. माफी मागण्यासाठी लिहीत नाही.

आमचं गाव वलगावपासून चार मैलांवर. एकावन्न-बावन्नच्या सुमाराला तिथल्या शाळेत एक मास्तर होते. अमरावतीचे, खादी वापरणारे, स्वभावानं भले. प्रजासत्ताक दिनाला गावातल्या तरुणांचा आणि महारवाड्यातल्या तरुणांचा हुतूतूचा सामना ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. कबड्डीला तेव्हा आमच्याकडे हुतूतूच म्हणत. मी सतरा वर्षांचा होतो आणि महारवाड्याच्या सात जणांत होतो.

खेळ साधा आहे. मैदानाच्या मधोमध रेषा, दोन्ही बाजूंना सात सात गडी. एकानं दम घेऊन, म्हणजे एका श्वासात खेळाचा शब्द अखंड म्हणत, समोरच्यांच्या भागात जायचं. जमेल त्याला स्पर्श करायचा आणि दम तुटायच्या आत मधली रेषा ओलांडून परत यायचं. त्यानं ज्याला स्पर्श केला तो बाद. त्यालाच समोरच्यांनी धरून ठेवलं आणि तिथं त्याचा दम तुटला, तर तो बाद. बाद झालेला बाहेर बसतो. त्याच्या संघानं समोरचा एक गडी बाद केला की तो परत आत येतो. सगळा संघ बाद झाला की त्याच्यावर लोण चढतो.

थोडक्यात, एका माणसाचं अंग दुसऱ्याच्या अंगाला लागल्याशिवाय या खेळात काहीच घडत नाही. मास्तरांनी बहुधा म्हणूनच तो निवडला. गावानंही उघड नकार दिला नाही, कारण त्या दिवशी शाळा तपासनीस येणार होते. फक्त थोरल्या पाटलांनी आदल्या दिवशी चावडीवर सांगितलं, "खेळा ना, कोन नाई म्हनते? पन जो म्हनन का मले लागला, त्यानं इहिरीवर आंघोय करूनच घरात पाय ठेवावा."

जानेवारीतली सकाळ होती. त्या एका वाक्यानं सामन्याचा निकाल लागला.

पहिली चढाई आमची होती. आमच्या गड्यानं समोरच्या कोपऱ्यातल्याच्या खांद्यावर हात मारला. तळहाताचा आवाज आम्हाला ऐकू आला. तो परत आला तेव्हा मास्तरांनी त्या कोपऱ्यातल्याला विचारलं, "लागला का?"

"नाई लागला."

मास्तरांनी गुण दिला नाही. पुढच्या चढाईला दुसऱ्याला विचारलं. त्यालाही लागला नव्हता. तिसऱ्यालाही नव्हता. आम्हाला कोणी धरतही नव्हतं. धरण्यासाठी हात लावावा लागतो आणि हात लावल्याचं मग नाकारता येत नाही. आम्ही जात होतो, स्पर्श करत होतो, सुखरूप परत येत होतो आणि आमचे गुण शून्य होते.

आमच्यातला एक जण थट्टेखोर होता. तो रेषेपाशी येऊन मला म्हणाला, "हे लेकाचे धरत नाईत अन् बाद होत नाईत. तिकडंच राहून जातो म्हंतो मी. पाटलाले म्हना, एक बायको बी पाहून दे." मग तो खरंच गेला आणि त्यांच्या भागाच्या मधोमध हाताची घडी घालून दम म्हणत उभा राहिला. त्याच्यापासून लांब राहण्यासाठी त्यांचे चार-पाच गडी मागं सरकत सरकत शेवटच्या रेषेबाहेर गेले. रेषेबाहेर गेलेला गडी बाद असतो. लोक हसले. मास्तरही हसले. गुण त्यांनी दिला नाही.

आता त्यांच्या चढाया. त्यांना आम्हाला बाद करायचं तर आम्हाला स्पर्श करणं भाग होतं. थोरल्या पाटलांच्या धाकट्या मुलानं त्यावर उपाय काढला होता. तो माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, उंच, चपळ आणि गावातला सगळ्यात चांगला खेळाडू. त्याला मी इथं धाकटे पाटील म्हणतो. धाकटे पाटील हात पाठीमागं बांधून आमच्यात यायचे आणि पायानं स्पर्श करायचे. अंगठ्यानं, टाचेनं, कधी पोटरीवर सपाट पावलानं. नियमात लाथेनं केलेला स्पर्शही स्पर्शच असतो. ते परत गेले की रेषेपाशी त्यांचा चुलतभाऊ तांब्या घेऊन उभा असायचा आणि त्यांच्या पावलावर पाणी ओतायचा. मग पुढची चढाई.

मास्तर आम्हालाही विचारत होते, "लागला का?" आणि आम्ही "लागला" म्हणत होतो. खेळात खरं बोलायचं, असं त्यांनीच आम्हाला आठवडाभर शिकवलं होतं. आम्ही खरं बोलत होतो आणि एकेक करून बाहेर जाऊन बसत होतो.

मधल्या रेषेपाशी पाणी पडून पडून काळ्या मातीचा चिखल झाला होता. दुसऱ्या डावात आत आम्ही दोघंच उरलो होतो. धाकटे पाटील आले, माझ्या गुडघ्यावर त्यांनी पाय मारला आणि मी तो पाय घोट्यापाशी दोन्ही हातांनी धरला. ते पडले. मी सोडलं नाही. ते हातांवर सरकत रेषेकडे जाऊ लागले, मी ओढत होतो. त्यांचं 'हुतूतू, हुतूतू' चालू होतं. आवाज बारीक होत गेला आणि थांबला. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि साध्या आवाजात म्हणाले, "सोड बे."

दम चालू असताना दुसरा कोणताही शब्द तोंडातून निघाला की चढाई करणारा बाद. त्यासाठी पंचाची नजरसुद्धा लागत नाही, कान पुरतात. पटांगणात दोनशे माणसं होती आणि शांतता होती. सगळ्यांनी ते ऐकलं.

मी सोडलं.

धाकटे पाटील उठले, अंग झाडलं, रेषा ओलांडून गेले. चुलतभावानं पाणी ओतलं. मास्तर माझ्याकडे आले. "लागला होता ना तुला?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "लागला होता." ते म्हणाले, "मग तू बाद. ते परत गेले." शेवटच्या गड्यालाही धाकट्या पाटलांनी लगेच बाद केलं. लोण चढला. शाळा तपासनिसांनी भाषणात सामना खेळीमेळीत झाल्याचं सांगितलं.

माझा राग मास्तरांवर नव्हता. धाकट्या पाटलांच्या लाथेवरही नव्हता, ती खेळातली होती. मी सोडलं, यावर होता. दोन शब्दांत माझे हात उघडले. मी विचार केला नाही, ते आपोआप उघडले. पुढं बारा वर्षं मला एकच गोष्ट हवी होती. हा माणूस माझ्या शब्दानं, भरल्या मैदानात, बाद व्हायला हवा होता.

त्याच वर्षी अमरावतीला एका व्यायामशाळेबाहेर मला नियमांची पातळ पुस्तिका मिळाली. ती मी इतक्या वेळा वाचली की पाठ झाली. त्यात लिहिलं होतं की स्पर्श झाला की नाही हे पंचानं पाहून ठरवायचं आहे. खेळाडूला विचारायची तरतूदच नाही. मास्तरांनी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांना विचारायलाच नको होतं. अंतिम रेषेबाहेर गेलेले बाद होते. दम तुटलेला बाद होता. त्या पुस्तिकेप्रमाणे तो सामना आम्ही जिंकलो होतो. ते कळल्यावर बरं वाटण्याऐवजी राग दुप्पट झाला. आधी वाटलं होतं की आम्ही हरलो. आता कळलं की आम्हाला हरवलं.

मॅट्रिक झाल्यावर मी अकोल्याला एका दैनिकात बातमीदार म्हणून लागलो. छप्पन्नच्या दसऱ्यानंतर आम्ही बौद्ध झालो, गावातल्या मोहल्ल्याचं नाव बदललं, माझे आईवडील अकोल्याला आले. गावाशी संबंध संपला. मी पंचाची परीक्षा दिली, पहिल्या प्रयत्नात पास झालो. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं की पंचाला सगळ्यात आधी काय लागतं. मी म्हणालो, "निर्णय द्यायची जागा." त्यांना ते आवडलं. त्यांना वाटलं मी मैदानात पंचानं कुठं उभं राहावं याबद्दल बोलतो आहे.

धाकटे पाटील तोवर अमरावतीत राहायला आले होते. शेती, आडतीचा धंदा आणि एका नामांकित संघाची कप्तानी. खेळ चांगला होता, हे लिहिलं पाहिजे. साठच्या पुढं मी त्यांचे सामने बातमीसाठी पाहू लागलो आणि माझ्यासाठीही पाहू लागलो. शहरातल्या स्पर्धांत तांब्या घेऊन कोणी उभं राहत नसे. समोरच्या संघात कोण कुठला आहे हे ते विचारत नसत. हात पाठीमागं बांधत नसत. उजव्या हाताची बोटं लांब करून स्पर्श करत आणि डाव्या बाजूनं झुकून परत फिरत. परत फिरताना त्यांचा डावा पाय वारंवार राखीव पट्टीत पडत असे.

राखीव पट्टी म्हणजे मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना असलेली अरुंद पट्टी. तिचा नियम नवख्याला लवकर समजत नाही, म्हणून सांगतो. चढाई सुरू झाली तेव्हा ही पट्टी मैदानाबाहेर असते. तिथं पाय पडला की गडी बाद. पण एकदा का चढाई करणाऱ्याचा आणि समोरच्याचा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की त्या चढाईपुरती पट्टी मैदानात येते आणि तिच्यातून पळून परत जाता येतं. पाय तोच, जागा तीच. आधी स्पर्श झाला असेल तर गुण, झाला नसेल तर बाद.

धाकट्या पाटलांना हा नियम माहीत होता. स्पर्श केल्यावरच ते पट्टीत जात. पण त्यांचा स्पर्श इतका हलका आणि झटपट असे की तो एकाच बाजूनं दिसायचा. त्या बाजूच्या पंचानं पाहिला तर पाहिला.

त्या बाजूचा पंच व्हायला मला आणखी तीन हिवाळे लागले. मधल्या काळात त्यांच्या दोन सामन्यांत मी पंच होतो. दोन्ही वेळा मी सगळे निर्णय बरोबर दिले. साध्या साखळी सामन्यातला एक गुण मला नको होता.

त्रेसष्ट की चौसष्टच्या जानेवारीत अकोल्याला कापसाच्या एका जिनमागच्या मोकळ्या पटांगणात स्पर्धेचा अंतिम सामना झाला. मातीत कापसाचे तंतू मिसळलेले होते, पळताना धूळ पांढरट उडायची. एका बाजूला धाकट्या पाटलांचा अमरावतीचा संघ. दुसऱ्या बाजूला परतवाड्याचा, त्यातले बरेच जण तिथल्या आरागिरण्यांत कामाला. त्यांच्या उजव्या कोपऱ्यात एक बावीस-तेवीसचा तरुण उभा होता. तो आमच्याच समाजातला होता, हे मला आधीपासून माहीत होतं. मनगटं जाड, पकड उत्तम. मी त्या बाजूचा पंच होतो. दुसऱ्या बाजूला दुसरा पंच. दोघांच्या वर सरपंच म्हणून अमरावतीचे एक निवृत्त ड्रिलमास्तर.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची एकच चढाई उरली तेव्हा दोन्ही संघांचे गुण एकवीस होते आणि ती चढाई अमरावतीची होती. धाकटे पाटील स्वतः आले. तिशी ओलांडली होती, छातीचा भाता हलत होता, पण 'कबड्डी, कबड्डी' हा शब्द स्वच्छ ऐकू येत होता. ते मधून आत गेले, चढाईत ओलांडावीच लागते ती निदान रेषा ओलांडली, एकदा उजवीकडे हुलकावणी दिली आणि वळता वळता हात लांब केला. त्यांची चार बोटं कोपऱ्यातल्या तरुणाच्या उजव्या हाताच्या पंजावरून घासत गेली. मी दीड हातावर होतो. मला बोटं दिसली आणि नखांचा पंजावर उमटलेला पांढरा ओरखडाही दिसला. मग ते डावीकडे झुकले, पाय पट्टीत पडला, दुसरा पडला, आणि ते रेषा ओलांडून आपल्या भागात गेले. अमरावतीचे लोक उठून ओरडू लागले.

पलीकडच्या पंचानं पट्टीकडे हात केला. त्याला पाय दिसला होता, स्पर्श दिसला नव्हता. आता सगळं माझ्यावर होतं.

मी शिट्टी वाजवली आणि धाकट्या पाटलांना मधल्या रेषेपाशी बोलावलं.

"काय झालं, पंच साहेब?"

"पाय पट्टीत होता."

"होता ना. पन लागल्यावर गेलो. लागल्यावर पट्टी आतच असते."

"कोणाला लागला?"

"याले." त्यांनी कोपऱ्यातल्या तरुणाकडे बोट केलं.

"कुठं?"

"हाताले."

"दाखवा."

खेळाडूला असं विचारायचं नसतं. पंचानं जे पाहिलं त्यावर निर्णय द्यायचा असतो. मी हा नियम पाठ केला होता आणि जाणूनबुजून मोडत होतो. धाकटे पाटील रेषा ओलांडून गेले, त्या तरुणाचं मनगट धरलं आणि हात वर केला. "हे पाहा. इथं. चारी बोटं लागले माहे."

"गुणलेखकांना ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "त्यांना सांगा."

ते त्याचं मनगट धरूनच टेबलापाशी गेले. मोठ्यानं म्हणाले, "याले लागला हो, याच्या हाताले लागला!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "सोडू नोको आता, लगीनच लाव त्याच्यासंग!" लोक हसले. धाकटे पाटील हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी होती. मी ती नीट पाहून घेतली. घाई केली नाही.

त्या तरुणाला मी काहीच विचारलं नाही. तो खरं सांगेल, हे मला दिसत होतं.

मग मी हात उचलला आणि निर्णय दिला. स्पर्श झालेला नाही. पाय पट्टीत. चढाई करणारा बाद. गुण परतवाड्याला.

आवाज केवढा झाला ते लिहीत नाही. अमरावतीच्या संघानं सरपंचांकडे तक्रार केली. सरपंच मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही जवळ होता. स्पर्श पाहिला का?"

"नाही."

"नक्की?"

"झाला असता तर दिसला असता."

"मग इतका वेळ त्यांना काय विचारत होतात?"

"त्यांना बोलायची संधी दिली."

सरपंचांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. नंतर तक्रार फेटाळली. परतवाडा बावीस, अमरावती एकवीस.

ढाल देऊन झाल्यावर धाकटे पाटील टेबलापाशी आले. मी गुणपत्रकावर सही करत होतो. ते शांत झाले होते.

"पंच साहेब, तुमी कोन गावचे?"

मी गावाचं नाव सांगितलं. मोहल्ला सांगितला. शाळेच्या पटांगणातला प्रजासत्ताक दिन सांगितला. त्यांनी डोळे बारीक केले. मला वाटलं होतं, त्यांना आठवणार नाही. तसं झालं असतं तर मला वाईट वाटलं असतं.

"माहा चुलतभाऊ तांब्या घेऊन उभा होता, तेच ना?"

"तेच."

"अन् तुमी माहा पाय धरला होता."

"हो."

"पोरं होतो आमी तवा. बाप म्हने तसं करत होतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन आज लागला होता, साहेब. तुमाले बी मालूम हाय."

"तक्रारीची वेळ संपली," मी म्हणालो आणि सहीखाली रेघ मारली.

ते गेले. मला त्या संध्याकाळी झालेला आनंद अजून आठवतो. त्यात काही गढूळ नव्हतं. टिळक रस्त्यावरून मी चालत घरी आलो, एका हॉटेलात दोन कप चहा घेतला, आईला सांगितलं की आज धाकट्या पाटलांना बाद केलं. तिनं विचारलं, "कोनत्या?" मी सांगितलं. ती हातातली भाकर थापायची थांबली आणि म्हणाली, "बरं केलं." गावात इतकी वर्षं काढलेल्या बाईचे ते दोन शब्द माझ्या दृष्टीनं पुरेसा निकाल होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात जाताना मी बस स्टँडवरून गेलो. परतवाड्याचा संघ बसची वाट पाहत होता. ढाल एका पेटीवर ठेवली होती, कोणीतरी तिला झेंडूचा हार घातला होता. तो कोपऱ्यातला तरुण मला पाहून उठून आला. मला वाटलं, आभार मानायला.

"सर, जय भीम."

"जय भीम. चांगला खेळलास."

"सर, काल मले लागला होता."

"हं."

"म्हंजे तुमाले दिसला नसन. पन लागला होता. हे पाहा." त्यानं हात पुढं केला. पंजावर बारीक लाल रेघ होती.

"तू जिंकलास," मी म्हणालो. "आता ते सोड."

"जिंकलो ते ठीक हाय. पन पाटलानं माहं मनगट धरलं, सर. समद्या लोकाईपुढं नेलं अन् सांगतलं का याले लागला. माह्या बापाच्या हातात कोनी वरून पैसा टाकल्याबिगर देल्ला नाई कधी. अन् पाटील ओरडून सांगून राहिला का याले लागला. मी म्हनलं, बापा, हे तं माह्या बापानं पाहाले पायजे होतं." तो थांबला. "अन् मंग तुमी म्हनलं, नाई लागला."

मी त्याला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. बारा वर्षांपूर्वीचा सामना, आंघोळीची अट, तांब्या, 'सोड बे'. मी दिलेला निर्णय खोटा होता आणि तो मी मुद्दाम दिला, हेही सांगितलं. आजवर हे मी त्याच्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, त्याला तरी समजेल.

त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "लय वाईट केलं त्यायनं तुमच्यासंग."

"हो."

"मंग तुमी त्याले दुसऱ्या कोन्या चढाईत बाद कराचं होतं ना. तुमचं भांडन होतं. ते माह्या हातावर काहून केलं?"

मी म्हणालो, "दुसरी चढाई उरली नव्हती."

"नव्हती तं नव्हती."

तेवढ्यात बस येऊन लागली, कंडक्टरनं घंटी मारली. त्याच्या सोबत्यांनी हाक दिली, "चाल बे, ढाल तूच धर!" तो गेला. ढाल त्यानं धरली नाही, दुसऱ्यानं उचलली. खिडकीतून त्यानं मागं पाहिलं नाही.

त्याचा प्रश्न मी आजवर विसरलो नाही. पण खरं लिहायचं तर त्यामुळं माझा आनंद गेला नाही. तो कमीही झाला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्याजवळ राहिल्या आणि एकीनं दुसरीला हात लावला नाही.

कार्यालयात मी बातमी लिहायला बसलो. लहान गावात तेव्हा पंच आणि बातमीदार एकच असला तर कोणी हरकत घेत नसे. संघांची नावं, गुण, मध्यंतराची स्थिती, ढाल कोणाच्या हस्ते दिली. शेवटच्या चढाईबद्दल मी लिहिलं होतं, 'अमरावतीचा कप्तान राखीव पट्टीत गेल्याने बाद झाला.'

वृत्तसंपादकांनी कागद वाचला. ते स्वतः जुने खेळाडू होते. "पट्टीत गेला म्हणून कसा बाद? स्पर्श झाला होता की नव्हता ते वाचणाऱ्याला कळत नाही."

"वाद झाला होता त्यावर."

"ते ऐकलं मी. पंच कोण होतं त्या बाजूला?"

"मीच."

"मग तुम्हीच सांगा. झाला होता?"

वाक्य तसंच ठेवणं शक्य होतं. वृत्तसंपादकांनी फार ताणलं नसतं. त्यांना फक्त नियमाप्रमाणे पूर्ण वाक्य हवं होतं. बसला निघून दोन तास झाले होते. मी कागद परत घेतला, 'राखीव पट्टीत' या शब्दांच्या आधी खूण केली आणि वर लिहिलं, 'समोरील कोणाही खेळाडूस स्पर्श न करता.'

"आता ठीक," ते म्हणाले आणि कागद खाली छापखान्याच्या जुळणी खात्यात पाठवला.

परतवाड्याला आमचा अंक दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं जात असे.